कुणी कुणाला ढकललं?

मंडळी, या वेळी लिहायला बराच उशीर झाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर या पडद्यापासून लांब राहायला सांगितलं. धाकट्या जावेने दोनदा फोन करून विचारलं, "वहिनी, लिहिणं बंद केलंत की काय?" नाही गं बाई. डोळे मिटून बसले होते इतकंच. आणि डोळे मिटल्यावर माणूस काय करणार? विचार! त्या विचारांचाच हा लेख आहे. जरा लांबलाय, तेव्हा चहा घेऊनच बसा.

सुरुवात झाली कॅरमवरून. सुट्टीत नातवंडं आली होती. नातू अकरा वर्षांचा, नात कॉलेजात मानसशास्त्र शिकते. डाव रंगात आला होता. नातीने स्ट्रायकर मारला, गर्दीतून दोन-तीन सोंगट्या फुटल्या आणि राणी भोकात गेली. नातू ओरडला, "तुझ्या शॉटने नाही गेली! तुझं कोपर बोर्डला लागलं म्हणून गेली!" नात म्हणाली, काहीतरीच. झालं, जुंपली. शेवटी नातू म्हणाला, "मी माझ्या डोळ्यांनी बघितलं ना!"

या वाक्याशी माझा एक जुना हिशेब आहे. तो शेवटी सांगते. आधी थोडा इतिहास. तीस-बत्तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईकडून दुसरी अपेक्षाही ठेवू नका!

बीएला माझा तत्त्वज्ञान विषय होता. मराठी माध्यम, त्यामुळे युरोपातले सगळे तत्त्वज्ञ आम्हाला मराठी बोलतच भेटले. त्यात एक होता स्कॉटलंडचा डेव्हिड ह्यूम. जन्म १७११, एडिंबरोचा. पहिला मोठा ग्रंथ १७३९ मध्ये बाहेर पडला तेव्हा त्याला अठ्ठावीसही पूर्ण नव्हती. ग्रंथाकडे कुणी फारसं ढुंकून पाहिलं नाही. मग तेच विचार त्याने सोपे करून १७४८ मध्ये पुन्हा मांडले. आमचे सर ह्यूम शिकवायला कॅरमचंच उदाहरण घेत. ह्यूमचा स्वतःचा दाखला बिलियर्ड्सच्या चेंडूंचा, पण आमच्यापैकी बिलियर्ड्सचं टेबल पाहिलं होतं कुणी?

सर म्हणायचे, "स्ट्रायकर आला, सोंगटीला लागला, सोंगटी गेली. तुम्ही नक्की काय पाहिलंत?" आम्ही म्हणायचो, स्ट्रायकरने सोंगटीला ढकललं. सर म्हणायचे, "चूक. 'ढकललं' हे तुम्ही पाहिलंच नाही. एक गोष्ट हलली, दुसरीला टेकली, मग दुसरी हलली. एवढंच दिसलं. 'मुळे' हा शब्द तुम्ही घरून आणलात!"

ह्यूमचं म्हणणं थोडक्यात असं. कारण आणि कार्य यांना बांधणारी दोरी डोळ्यांना कधीच दिसत नाही. आधी हे, मग ते, दोन्ही एकमेकांना लागून, आणि दर वेळी तसंच, एवढंच आपल्याला दिसतं. हजारदा तसं पाहिलं की मनाला सवय लागते आणि सवयीलाच आपण 'कारण' म्हणतो. त्याने एक गमतीचा दाखलाही दिला आहे. जगातला पहिला माणूस, म्हणजे आदम, कितीही बुद्धिमान धरला तरी नुसतं पारदर्शक, वाहतं पाणी बघून त्यात आपण बुडून मरू हे त्याला कळणार नाही. ते अनुभवानेच कळायचं. जर्मनीचा कांट हे वाचून खडबडून जागा झाला, तसं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

आता हा प्रश्न ह्यूमलाच पहिल्यांदा पडला असं मात्र नाही. त्याच्या साडेसहाशे वर्षं आधी बगदादला शिकवणाऱ्या अल-गझाली नावाच्या पंडिताने कापूस आणि आग यांचं उदाहरण घेतलं होतं. आगीजवळ कापूस नेला की जळतो, हे आपण पाहतो. पण आगीनेच जाळलं हे कुठे पाहतो? त्याच्या मते जाळणारा ईश्वर. फ्रान्सचा मालब्रांश नावाचा धर्मगुरू सतराव्या शतकात जवळपास तेच म्हणाला. एक चेंडू दुसऱ्याला हलवत नाही. आदळणं हे नुसतं निमित्त, हलवणारा देवच. ह्यूमने त्यातला देव बाजूला केला आणि त्या जागी सवय बसवली.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर हे घरोघरचं शहाणपण आहे. 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.' संस्कृतात काकतालीय न्याय. ताडाखाली कावळा आणि वरून पडलेलं फळ यांची अवचित गाठ, इतकंच. न्यायशास्त्राच्या पंडितांनी याचा फार बारीक कीस काढला. त्यांची व्याख्या अशी, की कार्याच्या आधी जे नियमाने असतं ते कारण. पण आधी तर पुष्कळच काही असतं! मडकं घडण्याआधी कुंभार असतो, चाक असतं, दांडा असतो. कुंभाराचा बापही कधीतरी होताच. माती वाहून आणणारं गाढवही दारात उभं असतं. मग गाढव हे मडक्याचं कारण का? तर नाही. अशा उपऱ्यांना त्यांनी 'अन्यथासिद्ध' असं नाव दिलं. सतराव्या शतकात विश्वनाथ पंचाननांनी भाषापरिच्छेदात त्यांचे पाच प्रकार सांगितले, त्यात शेवटचा नंबर गाढवाचा. कॉलेजात हे वाचताना मला फार हसू आलं होतं. दारात उभं असल्याबद्दल कुणावर ठपका ठेवू नये, हा त्यातला अर्थ तेव्हा कळला नाही.

असो. तर ह्यूमनंतर दोनशे वर्षं विद्वान लोक खुर्चीत बसून वाद घालत राहिले. 'ढकलणं' दिसतं की नाही? मग बेल्जियममधल्या लूवेनच्या विद्यापीठात एका प्राध्यापकाने ठरवलं, की वाद कशाला, लोकांना दाखवून विचारू या! अल्बेर मिशॉट त्यांचं नाव. जन्म १८८१. हे लूवेन म्हणजे तेच गाव, ज्याच्या विद्यापीठाचं ग्रंथालय जर्मन सैन्याने १९१४ मध्ये जाळलं, ते पुन्हा बांधलं, आणि दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये ते पुन्हा जळालं. अशा गावात बसून मिशॉट चौकोन सरकवत होते. त्यांचं पुस्तक आलं १९४६ मध्ये, वयाच्या पासष्टीच्या सुमारास. (निवृत्त मंडळींनी नोंद घ्यावी!)

त्यांचं यंत्र इतकं साधं, की कुणाही शिक्षकाला हेवा वाटावा. एक गोल तबकडी. तिच्यावर दोन रंगांचे पट्टे रंगवलेले. पुढे एक पडदा आणि त्या पडद्याला एक अरुंद आडवी फट. फटीतून बघणाऱ्याला पट्ट्यांचे इवलेसे तुकडेच दिसतात, म्हणजे दोन छोटे चौकोन. आता तबकडी फिरवा. पट्टा जिथे वर्तुळाकार आहे तिथे चौकोन जागच्या जागी उभा दिसतो. पट्टा जिथे तिरपा वळला आहे तिथे चौकोन फटीत सरकू लागतो. म्हणजे पट्टे कसे रंगवले यावर सारा खेळ.

मी स्वतः करून पाहिलं बरं का! ह्यांचा जुना रेकॉर्ड प्लेअर माळ्यावर होता. नातीने पुठ्ठा गोल कापून दिला, नातवाने स्केचपेनने पट्टे रंगवले. त्यावरून राणीचं भांडणही मिटलं. वर फट पाडलेला कागद धरला. पहिल्या दोन तबकड्या फुकट गेल्या. तिसरीला मात्र निळा चौकोन सरकत सरकत लालपाशी आला, थांबला, आणि लाल चौकोन पुढे गेला. नातू टाळी वाजवून म्हणाला, "ढकललं!"

कुणी ढकललं? तिथे ढकलणारं होतंच कोण? स्केचपेनची शाई! दोन्ही पट्टे एकाच पुठ्ठ्यावर, एकमेकांना आयुष्यात कधी शिवलेही नाहीत. बघणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं, तरी डोळ्यांना धक्का दिसतोच.

मिशॉट यांनी मग एकेक गोष्ट बदलून पाहिली. पहिला चौकोन पोचल्यावर दुसरा लगेच निघाला तर धक्का स्वच्छ दिसतो. सेकंदाचा विसावा भाग उशीर झाला तरी चालतं. पण तोच उशीर सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा झाला, की जादू संपली. मग लोक म्हणतात, एक आला आणि थांबला, नंतर दुसरा आपला आपण गेला. पहिला न थांबता दुसऱ्याबरोबर पुढे जात राहिला तर तो त्याला 'घेऊन गेला' असं दिसतं. म्हणजे 'मुळे' हा शब्द आपण विचार करकरून आणत नाही. तो रंग दिसावा तसा दिसतो, आणि सेकंदाच्या छोट्याशा भागावर त्याचं असणं-नसणं ठरतं. ह्यूमने हे प्रयोग पाहिले असते तर त्याचं मत बदललं असतं, असं मिशॉट यांना वाटे.

मला विचाराल तर दोघेही थोडे थोडे जिंकले. कारण डोळ्यांना दिसतं, हे मिशॉट यांचं खरं. पण जिथे नाही तिथेही ते दिसतं! म्हणजे दिसलं यावरून होतंच असं म्हणता येत नाही, हे ह्यूमचं खरं. मिशॉट यांच्यावर टीकाही झाली. त्यांच्या प्रयोगांत बघणारे मोजके आणि सरावलेले होते. नंतर इतरांनी नवख्या लोकांना दाखवलं तेव्हा सगळ्यांनीच काही धक्का पाहिल्याचं सांगितलं नाही. तरीही मूळ गोष्ट टिकून राहिली. १९८७ मध्ये लेस्ली आणि कीबल यांनी तर सहा महिन्यांच्या बाळांना असे चौकोन दाखवले. धक्क्याचा प्रसंग उलटा फिरवून दाखवला की बाळं पुन्हा टक लावून पाहू लागत. तोच प्रसंग मध्ये थोडा वेळ थांबवून, मग उलटा दाखवला तर त्यांना तितकंसं नवल वाटत नसे. 'कुणी कुणाला ढकललं' याची जाण बोलता येण्याआधीच आलेली असते, असं यावरून दिसतं. सगळी सवय म्हणावी, तर सहा महिन्यांच्या जिवाला सवय ती किती!

याच्याही पुढची गंमत अमेरिकेतली. १९४४ साली हायडर आणि झिमेल या दोघांनी एक छोटासा चित्रपट केला. त्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार उघडणारा एक चौकट-डबा. बस. हे आकार इकडेतिकडे फिरतात. चौतीस विद्यार्थिनींना तो दाखवून 'काय झालं ते लिहा' म्हणून सांगितलं. फक्त एकीने त्रिकोण असा गेला, वर्तुळ तसं गेलं, असं भूमितीच्या भाषेत लिहिलं. बाकी सगळ्यांनी गोष्ट लिहिली. मोठा त्रिकोण दांडगट, छोटा त्रिकोण शूर, वर्तुळ बिचारं घाबरलेलं! म्हणजे आपण नुसतं कारणच पाहत नाही, हेतूही पाहतो. आणि हेतू दिसला की गुन्हेगारही दिसतो.

इतिहास शिकवताना हे मी रोज पाहत होते, फक्त त्याला नाव नव्हतं. 'पानिपतच्या पराभवाची कारणे लिहा.' मुलं हमखास लिहिणार, की विश्वासरावांना गोळी लागली, भाऊसाहेब हत्तीवरून उतरले आणि सैन्य फुटलं. एका सोंगटीने दुसरीला उडवलं! १४ जानेवारी १७६१ च्या आधीचे दोन महिने, तुटलेली रसद, उपाशी माणसं आणि जनावरं, बरोबरची बायकामुलं आणि यात्रेकरू, यातलं काही डोळ्यांपुढे 'आदळत' नाही. म्हणून ते पुस्तकात छापलेलं असूनही मुलांच्या उत्तरात येत नसे. सावकाश घडणाऱ्या कारणाला टक्कर नसते. ते दिसत नाही, समजून घ्यावं लागतं.

आता तो जुना हिशेब.

१९७९ चा पावसाळा. मी नोकरीत मुरायला लागले होते. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि मी जिन्याच्या खाली उभी होते. वरून आठवीची मुलं धावत उतरत होती. माझ्या डोळ्यांदेखत मागच्या मुलाने हात पुढे केला आणि पुढचा मुलगा सात-आठ पायऱ्या गडगडत खाली आला. हात मोडला. मागचा मुलगा वर्गात व्रात्य म्हणून प्रसिद्धच होता. तो म्हणाला, "बाई, मी त्याला धरत होतो." मी म्हणाले, "खोटं बोलू नकोस. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

माझ्या साक्षीवर दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी, सगळ्या शाळेसमोर, त्याला छड्या मिळाल्या. प्रगतिपुस्तकात शेरा गेला. आठवड्याभरात बापाने त्याला शाळेतून काढलं आणि मामाच्या गावी पाठवलं.

तीन आठवड्यांनी पुढचा मुलगा गळ्यात प्लॅस्टरचा हात अडकवून आला. मला म्हणाला, "बाई, तो नसता तर डोकंच फुटलं असतं. पायरी ओली होती, माझा पाय सटकला. त्याने माझी कॉलर धरली, पण ती फाटली." फाटलेली कॉलर मी त्या दिवशी पाहिली होती. तो ढकलाढकलीचाच पुरावा, असं मी धरून चालले होते.

मी त्यांच्या घरी गेले. आईने चहा दिला. "जाऊ द्या बाई, पोराच्या नशिबात होतं," एवढंच म्हणाली. तिनेही एक कारण शोधून ठेवलं होतं. मी हेडमास्तरांच्या मागे लागून शेऱ्यावर काट मारून घेतली. मुलगा काही परत आला नाही. त्याची माफी मी मागितली ती त्याच्या आईपाशी, त्याच्यापाशी मागायची राहिली ती राहिलीच. आज तो साठीच्या घरात असेल.

इतकी वर्षं मला एकच कोडं होतं. आधी पाय सटकला, मग हात पुढे आला. मी तर आधी हात पाहिला! मी खोटं बोलले का? द्वेषाने बोलले का? परवा नातीने मला एक प्रयोग वाचून दाखवला आणि मी तिला तो दोनदा वाचायला लावला. लंडनच्या बेखलिवानिदिस आणि लॅग्नाडो या संशोधकांचा, २०१६ चा. पडद्यावर तीन चौकोन ओळीत. पहिला येऊन दुसऱ्याजवळ थांबतो. मग खरं म्हणजे तिसरा आधी हलतो आणि दुसरा त्याच्यानंतर. पण बघणाऱ्यांतले बहुतेक जण सांगतात, की दुसरा आधी हलला आणि मग तिसरा. धक्क्याची गोष्ट नीट जुळावी म्हणून मन घटनांचा क्रमच बदलून टाकतं, आणि तो बदललेला क्रम आपल्याला 'दिसतो'.

जिन्यावरची मुलं म्हणजे पडद्यावरचे चौकोन नव्हेत, हे मला कळतं. त्या दिवशी माझ्या डोळ्यांत नेमकं काय झालं ते कुठलाही प्रयोग सांगू शकणार नाही. थोडं हलकं वाटलं, हे कबूल करते. पण थोडंच. कारण चूक डोळ्यांची असेल, पुढची चूक डोळ्यांची नव्हती. 'मी त्याला धरत होतो' असं तो म्हणाला होता. पडलेल्या मुलाला विचारायला मला एक संध्याकाळ पुरली असती. दवाखाना शाळेपासून दहा मिनिटांवर होता. मी गेले नाही, कारण मला विचारायची गरजच वाटली नाही. मी पाहिलं होतं ना!

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत वर्गात भांडण आलं की मी 'कुणी केलं' हे आधी विचारलं नाही. 'आधी काय झालं, मग काय झालं' एवढंच विचारायचे, आणि तेही दोन्ही बाजूंना वेगवेगळं. मुलं कंटाळायची. कॅरमच्या भांडणातही तेच केलं. तेव्हा कळलं की नातीचं कोपर बोर्डला लागलं होतं खरं, पण राणी गेल्यानंतर!

जुना रेकॉर्ड प्लेअर घरी असेल तर ती तबकडी जरूर करून बघा आणि कुणाला काय दिसलं ते मला कळवा.

माझं म्हणाल तर नवी भिंगं बसवलेल्या डोळ्यांनी आता सुईत दोरा ओवता येतो. पण तो जिना आठवला, की सगळं माहीत असूनही मला आजही आधी हातच दिसतो.